दार उघडे आहे, उंबरठा उंच आहे

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तरीही आपल्या ऑनलाइन मराठी वर्गाच्या विषयावर बोलण्याची परवानगी मागितली. कारण या वर्गाच्या जमाखर्चात एक मोठी चूक आहे आणि ती माझ्या हातून झाली आहे.

आपल्यापैकी अनेक घराणी होळकरशाहीपासून इंदुरात आहेत. मुले घरात मराठी ऐकतात, बोलतात. पण शाळा हिंदीची नाही तर इंग्रजीची, त्यामुळे मराठी वाचनाची सवय सुटली. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत आपण मूडल या प्रणालीवर वर्ग सुरू केला. मूडल का, तर फुकट मिळते म्हणून. खरे सांगायचे तर त्या वेळी आपण एवढाच विचार केला होता.

मूडल तयार केले ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी. त्याची पहिली आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये निघाली. त्यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले. शाळा फार दूर, म्हणून धडे रेडिओवरून येत. ज्याला शाळेपर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत शाळा कशी पोचते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. मूडलचा परवाना असा आहे की ते कोणीही घ्यावे, वापरावे, बदलावे आणि बदललेले दुसऱ्याला द्यावे. म्हणजे ते नुसते फुकट नाही, खुले आहे. हा फरक मला उशिरा कळला.

आता माझी चूक. मी जुन्या वाचनमालेची पाने स्कॅन करून चढवली. काही धडे छापखान्यातून टाइप करून आणले, तेही जुन्या फाँटमध्ये. मथळ्यांना शोभा यावी म्हणून भगव्या पट्टीवर पिवळी अक्षरे दिली. असे तीस धडे झाले. कार्यकारिणीने पाठ थोपटली.

गेल्या वर्षी आपल्या जुन्या सभासद काकूंनी मला घरी बोलावले. चाळीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या; मधुमेहाने दृष्टी गेली. त्यांना या वर्गात शिकवायचे होते. पुतण्याने संगणकावर एनव्हीडीए बसवून दिले आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा कार्यक्रम. तोही खुला आणि मोफत. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केलेला, २००६ पासून चालू. काकू म्हणाल्या, "बस, तुझा धडा ऐक."

पहिला धडा उघडला. संगणक गप्प. स्कॅन केलेले पान म्हणजे त्याच्या लेखी एक चित्र. त्यात अक्षर एकही नाही. दुसरा धडा उघडला, तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची बडबड सुरू झाली. जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना 'क' दिसतो, पण आत साठवलेले असते एखादे रोमन अक्षर. ते युनिकोड नव्हे. तिसरा धडा युनिकोडमध्ये होता, पण पानाची भाषा मी हिंदी नोंदवलेली. आवाज हिंदीचा लागला आणि 'चमचा', 'जग' या शब्दांतल्या च-ज चा मराठी उच्चार गेला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अरे, शाळा उघडलीस आणि फळा झाकून ठेवलास."

त्या रात्री मी मूडलची माहिती पहिल्यांदा नीट वाचली. चित्र घालताना ते त्याचे वर्णन मागते. मी दर वेळी 'वर्णनाची गरज नाही' अशी खूण करून पुढे गेलो होतो. चाचणीत एखाद्या विद्यार्थ्याला जादा वेळ देण्याची सोय आहे. मी सर्वांना सरसकट वीस मिनिटे दिली होती. संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे लागते. माझी भगव्यावरची पिवळी अक्षरे मोतीबिंदू झालेल्या आजोबांनाही वाचता येत नव्हती, पण भिडेपोटी कोणी बोलले नाही. दहा दुव्यांना मी एकच नाव दिले होते, 'येथे क्लिक करा'. डोळस माणूस आजूबाजूचे वाक्य पाहतो. ऐकणाऱ्याला दहा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकू येते, कुठे जायचे ते कळत नाही.

सगळा दोष माझाच, असे मात्र नाही. मूडलच्या जुन्या मांडणीत याद्यांच्या आत याद्या होत्या, नवखा माणूस गोंधळून जाई. २०२२ च्या ४.० आवृत्तीत ती मांडणी सुधारली. मराठीचे काम तर आपल्याकडेच बाकी आहे. मूडलचे भाषांतर जगभरचे स्वयंसेवक करतात आणि कोणीही शब्द सुचवू शकतो. जो शब्द मराठीत भरलेला नाही, तो पडद्यावर इंग्रजीतच दिसतो. तो भरायला दुसरे कोण येणार?

काही सभासदांची सूचना आहे की हा उपद्व्याप बंद करून एखादे पैसे भरून मिळणारे ॲप घ्यावे. मला ते पटत नाही. ते भाड्याचे घर होईल. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारायचे. मूडल हा आपला वाडा आहे. गळत असेल तर कौले आपण चढून बदलू शकतो.

आता मुख्य मुद्दा. आपले मंडळ वर्षानुवर्षे सरकारला राज्यघटनेचे ३५०-अ कलम दाखवत आले आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे १९५६ साली घटनेत आले. आपण म्हणतो, ही भीक नाही, हक्क आहे. मग तोच न्याय काकूंना का नको? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. माझ्या क्षेत्रातही हेच झाले. अंध खातेदारांना चेकबुकसारख्या सोयी नाकारू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बजावले. जुलै २०१४ पासून बसवायचे प्रत्येक नवे एटीएम बोलणारे आणि ब्रेल कळांचे असावे, असा आदेश काढला. नियम झाला तेव्हा यंत्र बोलायला लागले. नुसत्या दयेने ते बोलले नसते.

म्हणून तीन ठराव मांडतो. एक, युनिकोडमध्ये नसलेला आणि चित्रांचे वर्णन नसलेला धडा वर्गावर चढवू नये. दोन, प्रत्येक धडा प्रसिद्ध होण्यापूर्वी एनव्हीडीएवर ऐकून तपासावा, आणि ही जबाबदारी मानाने काकूंकडे द्यावी. तीन, सरकारला पाठवायच्या आपल्या निवेदनात मराठी पुस्तकांबरोबर ऐकता येतील अशा मराठी धड्यांचीही मागणी असावी.

यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो. तीसपैकी अकरा धडे काकू आणि मी मिळून नव्याने केले. मी टाइप करतो, त्या ऐकतात. मी गाळलेला शब्द त्यांच्या कानातून सुटत नाही. एकोणीस धडे उरले आहेत. चहाच्या टेबलाशी मी वही ठेवली आहे. ज्यांना मराठी टाइप करता येते त्यांनी एकेका धड्यापुढे नाव लिहावे. वहीत पहिले नाव काकूंनी, मला हात धरायला सांगून, स्वतः लिहिले आहे.