पेटीचा दिवा लागतो, पण संगणक ओळखत नाही

कर्जत-खालापूरकडे लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या कुणाकडे चार हार्डडिस्कची पेटी असेल, तर हे त्यांच्यासाठी. भोर घाटाखालचा पाऊस कोसळतोय, वीज दोन-चारदा गेली-आली, आणि सकाळी संगणकाला पेटी दिसतच नाही. अशा वेळी आधी पेटीला कान लावा.

डिस्क फिरायला लागते त्या क्षणी सगळ्यात जास्त वीज खेचते. मोठ्या डिस्कला तेव्हा १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर लागतात. चारही एकदम उठल्या तर थकलेला अडॅप्टर पुरा पडत नाही. दिवा लागतो, पण डिस्कची घरघर येत नाही, किंवा टकटक होऊन थांबते. तितक्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा, पिन आणि अधिक-उणे जुळणारा अडॅप्टर लावून पाहा. मग केबल बदला, मधला हब काढा.

ई-साटा केबलवर चारपैकी एकच डिस्क दिसते? बहुधा संगणकाचं पोर्ट एकापेक्षा जास्त डिस्क हाताळत नाही. पेटीला यूएसबी असेल तर त्यावर जोडा.

आता कळकळीने सांगते. विंडोजने डिस्क 'इनिशिअलाइज' किंवा 'फॉरमॅट' करायची का विचारलं, तर नाही म्हणा. त्यात कुणाच्या तरी आजीचा शेवटचा फोटो असेल. आणि डिस्क बाहेर काढायच्याच झाल्या, तर कोणती कुठल्या खाचेतली, ते आधी चिकटपट्टीवर लिहून त्या-त्या डिस्कवर लावा.