साखरेची आंबट लेकरं



गाव सुटलं, तरी चिंच-गुळाची आमटी आपण बंगळुरूत घेऊन आलो. इथं येऊन पाहतो तर शेजारचे कन्नडिगही सारात चिंचेबरोबर गुळाचा खडा टाकतात. गोड आणि आंबट ही दोन टोकं, ती एकमेकांना सावरतात, असं आपण म्हणतो. रसायनशास्त्राला विचारलं तर ते म्हणेल, टोकं कसली, हे तर एकाच घरचे भाऊबंद!

ग्लुकोजचा रेणू म्हणजे सहा कर्बांची माळ. तिच्या एका टोकाला अल्डिहाइड गट असतो. तिथं ऑक्सिजन चिकटला की झालं ग्लुकॉनिक आम्ल. ते टोक तसंच ठेवून दुसऱ्या टोकाचं ऑक्सिडीकरण केलं तर ग्लुक्युरॉनिक आम्ल, आणि दोन्ही टोकांचं केलं तर ग्लुकॅरिक. चिंचेतलं टार्टारिक आम्ल याच शेवटच्या जातीचं, फक्त माळ चार कर्बांची. म्हणजे आमटीत गूळ पडतो आणि चिंचही, तेव्हा शर्करा आणि शर्कराम्ल एकाच पातेल्यात उकळत असतात.

सभागृहातल्या ज्येष्ठांना लघवी तपासायची जुनी रीत आठवत असेल. परीक्षानळीतला निळा बेनेडिक्ट द्राव तापवायचा आणि तो विटकरी झाला की घरात चिंता सुरू. त्या निळ्या द्रावातलं तांबं साखरेचं ऑक्सिडीकरण करतं आणि स्वतः विटकरी ऑक्साइड होऊन तळाला बसतं. आजच्या ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांवर हेच काम ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर करतं. मधमाशीकडेही हे विकर असतं. त्यामुळे मधात ग्लुकॉनिक आम्ल तयार होतं, आणि सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, जे जंतूंना मधात फिरकू देत नाही.

ग्लुक्युरॉनिक आम्ल तर आपल्या यकृतात हमाली करतं. पॅरासिटामॉल असो की बिलिरुबिन, त्याला पाठीवर घेऊन पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि शरीराबाहेर काढायला मदत करतं. नवजात बाळाच्या यकृतात ही हमाली अजून रुळलेली नसते, म्हणून पुष्कळ बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात.

पण या घराण्यातलं सर्वांत नामांकित आणि जरा विक्षिप्त लेकरू म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. १९२८ साली केंब्रिजला जीवरसायनज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत सेंट-ग्योर्गी या शास्त्रज्ञांनी हा पदार्थ वेगळा केला. साखरेसारखा आहे, पण नेमकं काय ते कळेना, म्हणून त्यांनी अज्ञानावरूनच ‘इग्नोज’ असं नाव सुचवलं. विज्ञान नियतकालिकाच्या संपादकांनी ते नाकारलं. मग सुचवलं ‘गॉडनोज’, म्हणजे देव जाणे! तेही अर्थातच गेलं आणि ‘हेक्झ्युरॉनिक आम्ल’ हे सोवळं नाव पडलं. गंमत अशी की या आम्लात इतर भावंडांसारखा मोकळा कार्बोक्सिल गट नाहीच. तो वळून कड्यात अडकलेला. आंबटपणा येतो तो दुसऱ्याच जागच्या हायड्रोजनमुळे.

१९३३ साली युरोपात हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत बनवलं गेलं. त्याच वर्षी आपल्या याच बंगळुरूत, रिक्षावाले अजूनही ज्याला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारात, मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं झालेली कमला भागवत उभी होती. लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर वर्षभर काम पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. रामन यांच्या विज्ञानापुढे मी नतमस्तक आहे, या निर्णयापुढे नाही. तिथले शिक्षक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली तिनं दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे ती त्याच हॉपकिन्स यांच्या केंब्रिजला गेली आणि १९३९ मध्ये पीएच.डी. झाली.

मुंबईत आल्यावर याच कमलाबाईंनी, म्हणजे लग्नानंतरच्या कमलाबाई सोहोनींनी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरेचा अभ्यास केला. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं आणि लोह नीरेत आहेत, आणि ताडगुळातही ती उरतात, हे त्यांनी दाखवलं. नीरेचा पेच मला फार आवडतो. रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना फासतात. साखर वाचते, पण चुना अल्कली आणि अल्कलीत ‘क’ जीवनसत्त्व फार वेगानं ऑक्सिडीकृत होतं. एका भावंडाला वाचवावं तर दुसऱ्याचा जीव धोक्यात.

स्वयंपाकघरातही हेच. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर सोडा टाकला की ‘क’ जीवनसत्त्व गेलंच म्हणायचं. कल्हई उडालेलं भांडंही तसंच, कारण उघडं पडलेलं तांबं या ऑक्सिडीकरणाला घाई करतं. ‘क’च्या गोळ्या भरपूर घेणाऱ्या माणसाची साखर तो जुना बेनेडिक्ट द्राव खोटीच दाखवायचा, तेही या तांब्याशी असलेल्या सलगीमुळेच. चिंच मात्र आम्ल असल्यानं ‘क’ला जरा आसरा देते. तेव्हा आमटीत चिंच आधी पडू द्या, आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर.