गाभारा आणि सभामंडप

देवळांत गेल्यावर आपण गाभाऱ्यापुढें हात जोडतों आणि सभामंडपांत बसून कीर्तन ऐकतों. पहिलें काम डोळ्यांचें, दुसरें कानांचें. कॅथॉलिक चर्चच्या जुन्या व नव्या बांधणीविषयींचा वाद मला या दोन कामांचाच वाद वाटतो. नागपूरचा कॅथॉलिक धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला व त्याचें मुख्य चर्च सदर भागांत आहे. तेव्हां हा विषय आपणांस परका नाहीं.

जुन्या पद्धतीच्या चर्चांत लांबट दालनाच्या टोंकाला उंच वेदी असे. धर्मगुरु लोकांप्रमाणेंच वेदीकडे तोंड करून लॅटिन भाषेंत मिस्सा अर्पण करीत. शब्द कळला नाहीं, तरी उंची, मंद प्रकाश आणि शांतता यांमुळें मस्तक आपोआप लवे.

१९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधीं नवें धोरण ठरविलें. लोकांनीं केवळ प्रेक्षक न राहतां उपासनेंत भाग घ्यावा, हें त्याचें सूत्र. लोकभाषेस वाव मिळाला, वेदी भिंतीपासून पुढें आली, धर्मगुरु लोकांसन्मुख उभे राहूं लागले. याच नव्या काळांत, १९७४ ते १९७७ या वर्षांत, चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणें मुंबईस दादरचें साल्व्हेशन चर्च उभें राहिलें. तेथें उघडीं अंगणें आणि काँक्रीटच्या कवचांखालील जागा एकमेकींशीं जोडल्या आहेत. वाड्याच्या चौकांतून माजघरांत जावें, तसा मनुष्य आंत जातो.

परंतु जुनें चर्च केवळ पाहण्यासाठीं होतें, हा समज खरा नव्हे. गोव्यांतील बॉम जेझू चर्च १६०५ सालचें. त्याचें दालन एकसंध आहे, आणि प्रवचनाचें व्यासपीठ बाजूच्या भिंतीवर आहे. म्हणजे प्रवचनकार श्रोत्यांच्या मध्यें येतो. पुढें १६१६ सालीं फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध मराठी क्रिस्तपुराण गोव्यांतच छापलें गेलें व चर्चांतून वाचलें जाऊं लागलें. लॅटिन मिस्सेच्या शेजारीं मराठी ओवी नांदत होती.

उलट, साधेपणाच्या नांवाखालीं आज कोठें कोठें सपाट छताची, कसल्याहि सभेला चालेल अशी खोली बांधली जाते. आपल्या वैशाखांत तें छत तापतें, पंख्यांच्या घरघरींत प्रार्थना बुडते आणि ध्वनिवर्धकाचा आवाज चढवावा लागतो. जाड भिंती व उंच छप्पर ही नुसती शोभा नव्हती. त्यांमुळें गारवा मिळे आणि गारव्यांत चित्त स्थिर होई.

म्हणून नवें बांधतांना किंवा जुन्यांत फेरफार करतांना दोन प्रश्न विचारावे. मिस्सेच्या वेळीं शेवटच्या बाकावरील म्हातारीला शब्द ऐकूं येतो काय? आणि भर दुपारीं एखादा दुःखी मनुष्य एकटाच आंत आला, तर त्याला गुडघे टेकावेसे वाटतात काय? पहिल्याचें उत्तर आसनांची व वेदीची जागा बदलून पुष्कळदां सुधारतां येतें. दुसऱ्याचें तसें नाहीं. पिढ्यांनीं जपलेली वेदी एकदां उखडली, कीं ती पुन्हां बसवितां येत नाहीं. हातोडा उचलण्यापूर्वीं एवढें ध्यानांत घ्यावें.