पार्टिशन : एका शब्दाचे वाटे

आमच्या पालेगावात कुणी ‘पार्टिशन टाकायचंय’ म्हणालं, की एका खोलीच्या दोन होणार हे आपण ओळखतो. कोर्टात तोच शब्द भावाभावांच्या वाटपाच्या दाव्याला लागतो. आणि शेजारच्या उल्हासनगरात एखाद्या वयोवृद्ध सिंधी माणसापुढे तो उच्चारला, तर त्याला 1947 साल आठवतं.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ शब्द ‘पार्स’, म्हणजे हिस्सा. पार्टिशन म्हणजे मुळात वाटून देणं. मराठी मात्र स्पष्टवक्ती. 1905 साली बंगाल तोडला, त्याला आपण ‘वंगभंग’ म्हटलं. 1947 साली ‘फाळणी’. फाळणं म्हणजे चिरणं. त्यात वाट्याचा हिशेब नाही, जखम आहे.

आणि वाटा सगळ्यांना मिळाला का? पंजाब, बंगाल दुभंगले. त्यांचा काही भाग इकडे राहिला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. हाच सिंध 1936 पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यात होता! तिथून आलेल्या हिंदू सिंध्यांना इथे आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. वाट्याला आली ती महायुद्धाच्या काळातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं. तरी पत्ता अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. सिंधी भाषेला 1967 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, राज्य नाही.

उर्दूत फाळणीला ‘तक्सीम’ म्हणतात. हा अरबी शब्द आपल्या जुन्या दफ्तरांतही आहे: ‘तक्षीम’ म्हणजे वाटा, ‘तक्षीमदार’ म्हणजे वाटेकरी. ‘किस्मत’ही त्याच धातूची, जे वाट्याला आलं ते.

मी मराठीत कविता लिहितो. तरीही फाळणीचा विषय निघाला, की एखादी नजर माझ्याकडे वळते, जणू तिकडे माझा काही वाटा शिल्लक आहे. माझ्या वडीलधाऱ्यांनी तो मागितलाच नव्हता. ते इथलेच होते, इथेच राहिले.

उल्हासनगरात माझ्या ओळखीचे एक सिंधी काका आहेत. त्यांच्याकडची जुनी सिंधी पुस्तकं अरबी वळणाच्या लिपीत आहेत. काकांना आता दिसत नाही आणि नातवाला ती लिपी येत नाही. मला उर्दूमुळे अक्षरं लागतात, पण भाषा कळत नाही. म्हणून मी अडखळत वाचतो आणि काका अर्थ सांगतात. पान दोघांत वाटून घेतलं, की पुरं होतं. लॅटिनमधला मूळ अर्थ बहुधा एवढाच असावा.