ऐकूं न येणाऱ्या ध्वनीचें स्नान
जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई-नालासोपाऱ्यांतील घरांत पाणी शिरलें. श्रोतेहो, भिजलेल्या दूरचित्रवाणी संचाचा सर्किट बोर्ड नुसता वाळवून भागत नाहीं. मागें राहिलेला क्षार तांब्याच्या वाटा कुरतडतो. तो मळ काढण्यास श्राव्यातीत ध्वनीचें पात्र उपयोगी पडतें. सेकंदास सुमारें ४०,००० कंपनांनीं द्रवांत सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात व घाण सुटते. परंतु आघात तो आघातच, कानांस ऐकूं न येवो! क्वार्ट्झचा स्फटिक, सूक्ष्म ध्वनिग्राहक त्यानें निकामी होऊं शकतात. ते आधीं उतरवावेत. बॅटरी तर काढावीच. पात्रांत पेट्रोल वा स्पिरिट ओतणें म्हणजे आगीस आमंत्रण. धुतलेला बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्यांत खळबळून पुरता वाळल्यावांचून कारागिरानें वीज जोडूं नये.