स्थलांतराचा निर्णय कोणाचा?

(ऊसतोड कामगार स्त्रियांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावं ओस पडू लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती पाच-सहा महिन्यांनी परततात. "यंदा तुमचं कुटुंब जाणार का?" असं विचारलं की उत्तर बहुधा पुरुष देतो. माझा प्रश्न असा, की कुटुंब म्हणजे कोण?

तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती नवऱ्याच्या हाती. ती लग्नात, आजारपणात, जुन्या देण्यात संपते. फेडायची मात्र दोघांनी. पहाटे भाकरी थापून दिवसभर मोळ्या वाहणारी बाई मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता असते. पाळीत, बाळंतपणात घरी राहिली तर खाडा. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाचं एक मूळ या खाड्यात आहे.

बाई सक्षम झाली की स्थलांतर थांबेल, हे सोपं गणित मला पटत नाही. काही जणींना जायचं असतं, कारण गावात मजुरी नाही. काही जणींना मुलीच्या शाळेसाठी थांबायचं असतं. टाकलेल्या बाईला जायचं असलं तरी एकटीला कोयता मिळणं कठीण. मुलीला मागे ठेवण्याची भीती वाटते, म्हणून तिचं लवकर लग्न होतं आणि आणखी एक कोयता तयार होतो.

जायला 'नाही' म्हणायचं तर पायाखाली जमीन लागते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्या कामांवर बाया मोठ्या संख्येने आल्या. गावाजवळ काम आणि स्वतःच्या हातात मजुरी असेल, तर बाई घरात बोलू शकते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. उचलीचा करार दोघांच्या सहीने व्हावा. तिची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी. एकट्या बाईची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी. गावात मागेल तेव्हा काम आणि मुलींसाठी वसतिगृह मिळावं.

आपल्या बैठकाही उचल वाटण्याआधी, पावसाळ्यातच घेऊ या. घरोघरी जाऊन बाईला वेगळं बसवून विचारू या: तुला जायचंय का? ती जावो वा राहो, निर्णयात तिचा वाटा असला पाहिजे.