मूत्रपिंडांची ओळख आणि त्यांची परीक्षा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 विषयाची निवड मंडळाच्या चालकांनी आमच्यावरच सोपविली. तेव्हा ज्याची चर्चा आपल्या घरांतून सहसा होत नाही, असाच विषय आम्ही घेतला आहे. पोटाच्या तक्रारी आपण रोज बोलून दाखवितो, हृदयाची काळजीही अलीकडे वाहू लागलो आहोत. परंतु मूत्रपिंडांचे नाव घरात निघते ते बहुधा फार उशिरा. या उशिराचे कारण काय आणि तो कसा टाळता येईल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या इंद्रियाची ओळख करून घेऊ. पाठीच्या बाजूस, कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने दोन मूत्रपिंडे असतात. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, वजन सुमारे दीडशे ग्रॅम. उजव्या अंगास वर यकृत असल्याने तिकडचे पिंड किंचित खाली असते. प्रत्येक पिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात; त्यांस नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक गाळणीच्या मुखाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो. हे गुंते सतराव्या शतकात इटलीच्या मालपिगी या शास्त्रज्ञाने प्रथम पाहिले, आणि त्यांभोवतीच्या वेष्टनाचा नळीशी असलेला संबंध १८४२ साली इंग्लंडच्या विल्यम बोमन याने उलगडून दाखविला. जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. जन्मतः मिळालेली ही पुंजी जन्मभर पुरवावयाची असते.

या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र मात्र दीड-दोन लिटरच होते. उरलेले पाणी, साखर आणि हवे तेवढे क्षार नळ्या पुन्हा रक्तात घेतात. एखादी दक्ष गृहिणी फडताळ आवरताना सारे सामान बाहेर काढते आणि हवे तेवढेच पुन्हा आत ठेवते, तसाच हा व्यवहार आहे. याखेरीज रक्तातील आम्लाचा तोल सांभाळणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशी निर्माण करण्याचा संदेश मज्जेस पाठविणे आणि ड जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देणे, हीही कामे मूत्रपिंडांचीच आहेत. म्हणूनच ती थकली की केवळ लघवीची तक्रार न होता रक्तक्षय होतो, हाडे दुबळी होतात आणि रक्तदाब चढतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. मूत्रपिंडे दुखत नाहीत. काही नेफ्रॉन निकामी झाले, तर उरलेले त्यांचा भार उचलतात आणि निम्मी शक्ती गेली तरी मनुष्यास काही जाणवत नाही. पायांवर सूज, अन्नावरील वासना जाणे, मळमळ, थकवा ही लक्षणे दिसतात तोवर बराच काळ हातचा गेलेला असतो. तेव्हा लक्षणांची वाट न पाहता परीक्षा करविणे, हाच मार्ग उरतो.

अशा परीक्षा मुख्यतः दोन. पहिली मूत्राची. १८२७ साली लंडनच्या रिचर्ड ब्राइट या वैद्याने सूज आलेल्या रोग्यांचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापविले, तेव्हा त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा साका धरला. ते प्रथिन होते. निरोगी गाळणी प्रथिनास अडवून धरते. ते मूत्रात उतरू लागले म्हणजे गाळणीचे वस्त्र विरले असे समजावे. आज त्याहून पुष्कळ सूक्ष्म परीक्षा उपलब्ध आहे. मूत्रातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण काढतात. ते ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत असावे. मात्र ताप, मूत्रमार्गाचा दाह किंवा अतिश्रम असतानाही ते वाढते. एका निकालाने घाबरू नये. परीक्षा पुन्हा करवावी.

दुसरी परीक्षा रक्तातील क्रिएटिनिनची. स्नायूंच्या नित्य व्यवहारात निर्माण होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ज्याचे स्नायू थोडे, त्याचे क्रिएटिनिनही थोडे. म्हणून नुसता आकडा पाहून समाधान मानू नये. १.२ हाच आकडा ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल, तर गाळण्याचा अनुमानित वेग ८३च्या आसपास निघतो. ७० वर्षांच्या आजीबाईंचा असेल, तर तो ४९च्या आसपास येतो. हा वेग ३ महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिला, तर जुनाट मूत्रपिंडविकार ठरतो. यास्तव अहवालात 'ईजीएफआर' या नावाने दिलेला आकडा अवश्य पाहावा.

मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात या विकाराचा इतिहास असलेल्यांनी या दोन्ही परीक्षा वर्षातून एकदा तरी करवाव्यात. सांधेदुखीवर मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेऊ नयेत. ज्यांत काय आहे हे कोणास ठाऊक नाही, अशी भस्मे आणि पुड्याही दूर ठेवाव्यात.

आता थोडे स्पष्ट बोलतो. मंडळी राग मानणार नाहीत अशी आशा आहे. आपण कुलवृत्तांत मोठ्या अभिमानाने छापतो. त्यात गोत्र, मूळ गाव, पदव्या सारे असते. पूर्वज कशाने गेले हे मात्र नसते. मूत्रपिंडांत अनेक गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात आईबापांपैकी एकास तो असला, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. तरीही घरात उपवर मुलगी आहे म्हणून वडिलांचे दुखणे सख्ख्या चुलत्यांपासूनही लपविले जाते. त्या लपविण्याने विवाह कदाचित जुळतो. परंतु भावंडांना आणि पुतण्यांना वेळेवर रक्तदाब सांभाळण्याची संधी गमवावी लागते.

दुसरी गोष्ट दानाची. १९५४ साली बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले आणि ते यशस्वी झाले. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने या दानास निश्चित नियम घालून दिले. तथापि आपल्या देशात जिवंतपणी देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे चित्र कायम आहे. माता आणि पत्नी प्रेमाने देतात, हे आम्ही जाणतो. पण घरात प्रसंग आला, तर पुरुषांचीही तपासणी त्याच तत्परतेने व्हावी, आणि स्त्रीस 'नाही' म्हणण्याची मोकळीक खरोखर असावी. मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा संकल्प आपण अधिक संख्येने केला, तर जिवंत माणसांवरील हा भार पुष्कळच हलका होईल.

मंडळाने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, त्याचे फळ आपण पाहतोच. त्याच निष्ठेने पुढील संमेलनात मूत्र, रक्त आणि रक्तदाब यांच्या तपासणीची सोय करावी आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.